गुत्ता, नवटाक आणि मिश्री : व्यसननिवारणासाठी झालेल्या मोजणीचा मागोवा, विंचूरच्या संदर्भात

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव इतिहासाच्या वाचकास विठ्ठल शिवदेव विंचूरकर ह्या पेशवेकालीन सरदाराच्या जहागिरीचे ठिकाण म्हणून परिचित असते. आसपासच्या शेतकऱ्यास ते लासलगाव बाजार समितीच्या कांद्याच्या उपआवारामुळे ठाऊक असते. उत्पादनशुल्क खात्याच्या कागदांत मात्र त्याचे नाव येते ते आणखी निराळ्या कारणाने. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि त्याला अनुसरून औद्योगिक विकास महामंडळाने वाईन पार्कसाठी दोन जागा निवडल्या : सांगली जिल्ह्यात पलूस आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर.

अशा गावात मोजमापाची वाण असण्याचे कारण नाही. कांद्याची आवक किती क्विंटल झाली, किमान, कमाल व सरासरी भाव काय निघाला, ह्याची नोंद बाजाराच्या दर दिवशी होते. द्राक्षातील साखर उतरण्यापूर्वी मोजली जाते. वायनरीच्या टाक्यांतील रसाचा हिशेब लिटरवारीने ठेवावा लागतो. परंतु ह्याच पंचक्रोशीतील एखाद्या मजूर कुटुंबाच्या आठवड्याच्या कमाईतून दारूला किती आणि तंबाखूला किती जाते, ह्यासाठी कोणत्याही कायम नोंदवहीत रकाना नाही. ही उणीव विंचूरची नव्हे. ती महाराष्ट्रातील मद्यविषयक नोंदींच्या परंपरेची आहे. ह्या परंपरेत दारू मोजली गेली ती विकणाऱ्याच्या, म्हणजे पर्यायाने तिजोरीच्या, बाजूने. पिणाऱ्याच्या घराच्या बाजूने तिची मोजणी फार उशिरा सुरू झाली. गावपातळीवर व्यसननिवारणाची योजना आखावयाची तर ह्या दोन मोजण्यांतील अंतर प्रथम ओळखले पाहिजे, आणि त्या अंतराचा सर्वांत जुना पुरावा भाषेतच सापडतो.

मराठीत दारूच्या दुकानास 'गुत्ता' म्हणतात. ह्या शब्दात दारूचा कोठे मागमूस नाही. गुत्ता म्हणजे ठेका, मक्ता. कानडीतील 'गुत्तिगे' हा त्याचा सख्खा भाऊ, आणि मराठवाड्यात आजही रस्त्याचे वा धरणाचे काम घेणाऱ्यास 'गुत्तेदार' म्हणतात. विक्रीचा हक्क लिलावाने ज्याने घेतला त्याचे ते दुकान, म्हणून दारूचा गुत्ता. पुढे 'दारूचा' हा शब्द गळाला तरी अर्थ राहिला. वस्तूऐवजी करार हेच दुकानाचे नाव व्हावे, ह्यावरून ते दुकान कोणत्या दृष्टीने पाहिले जात होते हे उघड होते. 'अबकारी' हा फारसी शब्दही असाच; त्याचा मूळ अर्थ पाण्यासंबंधीचे काम एवढाच, पण मराठीत तो येतो तो महसुलाचे खाते म्हणून. 'नवटाक' हे तर निव्वळ माप आहे : शेराचा आठवा हिस्सा. तेल, तूप, मसाला ह्या मापाने मिळत असे. दशमान मापे आल्यावर किराणा दुकानातून नवटाक नाहीसे झाले. दारूच्या बोलीत मात्र ते टिकून राहिले. माप हेच पेयाचे नाव झाले. 'पावशेर मारणे' ह्या प्रयोगाची गतही तीच.

ह्याउलट 'व्यसन' ह्या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात व्यसन म्हणजे राज्यावरील आपत्ती. राजा, अमात्य, दुर्ग, कोश ह्यांपैकी कोणत्या अंगावरील आपत्ती अधिक घातक ह्याची तेथे चर्चा आहे, आणि मृगया, द्यूत, स्त्री व पान ही कामज व्यसने तिच्याच ओघात येतात. मराठीत हा शब्द राज्यावरून उतरून व्यक्तीवर आला आणि आपत्तीऐवजी दोष दाखवू लागला. एका बाजूस करार व माप, दुसऱ्या बाजूस व्यक्तीचा दोष. ह्या दोहोंच्या मधोमध असलेले घर शब्दसंग्रहातून निसटले आणि नोंदवहीतूनही.

पेशवाईच्या अखेरच्या पर्वात अबकारीचे उत्पन्न राज्याच्या जमाखर्चात क्षुल्लक होते, ह्याकडे न्यायमूर्ती रानडे ह्यांनी पेशव्यांच्या रोजनिशांवरील आपल्या इंग्रजी प्रस्तावनेत लक्ष वेधले आहे. त्यावरून त्या काळी दारू प्यालीच जात नसे असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. राज्याने तिला उत्पन्नाचे साधन केले नव्हते, एवढेच त्यावरून सिद्ध होते. इंग्रजी अमलात चित्र पालटले. मुंबई इलाख्याचा १८७८ चा अबकारी कायदा हा ह्या पालटाचा टप्पा होय. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मध्यवर्ती भट्टीतून गाळप, गॅलनमागे शुल्क आणि जिल्ह्याच्या पुरवठ्याचा मक्ता अशी व्यवस्था बसविण्यात आली. मक्तेदाराने सरकारास किमान ठराविक रकमेची हमी द्यावयाची, ही तीतील कळीची अट. हमीची रक्कम भरून निघावी म्हणून खप वाढविणे मक्तेदारास भाग पडे, आणि खप वाढला की पुढील हमी वाढे. ह्या यंत्रणेने इलाख्यातील दारूची अत्यंत तपशीलवार आकडेवारी निर्माण केली : दुकाने, गॅलन, शुल्क, दरडोई उत्पन्न. १८९२ चा मोहफुलांविषयीचा कायदाही, जो ठाणे व कुलाबा ह्या जिल्ह्यांपुरता होता, ह्याच पद्धतीला पूरक होता. फुलांचा साठा घरात ठेवण्यावर त्याने बंधन आणले, कारण घरी गाळलेली दारू हिशेबात येत नसे.

ह्या आकड्यांकडे उलट्या बाजूने पाहण्याचा एक प्रारंभीचा प्रयत्न पुण्याच्या नगरपालिकेत झाला. जोतीराव फुले त्या वेळी नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये शहरात दारूची दुकाने वाढत असल्याबद्दल त्यांनी लेखी हरकत घेतली, आणि ह्या दुकानांमुळे कुटुंबांची होणारी नासाडी नगरपालिकेपुढे मांडली. त्यांच्या युक्तिवादाचे वैशिष्ट्य असे की तो पिणाऱ्याच्या पापपुण्याचा नव्हता. शहराच्या आरोग्याची जबाबदारी ज्या संस्थेवर आहे तिने हा प्रश्न आपला मानावा, असा त्याचा रोख होता. स्थानिक संस्थेने व्यसनाचा विचार सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने करावा, ही आज नवी समजली जाणारी कल्पना त्यात बीजरूपाने आहे.

आकड्यांवर विसंबण्यापूर्वी आकडा कोणी भरला हे विचारावे, हा धडा मात्र दारूने नव्हे, गांजाने दिला. भांग, चरस व गांजा ह्यांच्या चौकशीसाठी हिंदुस्थान सरकारने १८९३ मध्ये एक आयोग नेमला. नाशिकच्या शेजारचा अहमदनगर जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीचे मुख्य क्षेत्र असल्याने ह्या चौकशीचा ह्या भागाशी निकट संबंध होता. आयोगाने एकच प्रश्नावली सर्व प्रांतांत पाठविली आणि १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे मिळविले. गांजाने वेड लागते ही समजूत तेव्हा सर्वत्र होती, आणि वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक तक्ते तिला आधार देत. आयोगाने हे तक्ते जसेच्या तसे स्वीकारले नाहीत. १८९२ साली दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा, चरस वा भांग असे लिहिले होते. ह्या नोंदी एकेक करून तपासल्या, तेव्हा त्यांतील ९८ च नोंदी काहीशा आधारास उतरल्या, आणि त्यांतही अनेकांत इतर कारणे मिसळलेली होती.

चूक कोठून शिरली हे पाहिले असता असे आढळले की रुग्णाबरोबर येणारा कागद बहुधा पोलिसांनी भरलेला असे. 'कारण' हा रकाना रिकामा ठेवणे कोणासही प्रशस्त वाटत नसे. रुग्ण भटका वा बैरागी दिसला की 'गांजा' हा शब्द लिहून रकाना भरला जाई. इस्पितळाच्या कारकुनाने तो उतरून घेतला, अधीक्षकाने बेरीज केली, आणि बेरजेचे शास्त्र झाले. सामाजिक आकडेवारीच्या इतिहासात ह्या प्रकरणाला जितके स्थान मिळावयास हवे होते तितके मिळालेले नाही. रिकामा रकाना लेखकास अस्वस्थ करतो आणि तो शब्दकोशातील सर्वांत सोयीचा शब्द उचलतो, हे भाषाभ्यासकास नवे नाही. आजही ग्रामीण रुग्णालयात आलेल्या अपघाताच्या कागदावर दारूचा उल्लेख असणे वा नसणे हे पुष्कळदा लिहिणाऱ्याच्या समजुतीवर, कधी नातलगांच्या विनंतीवर, अवलंबून राहते. व्यसननिवारणाची योजना पोलिसांच्या व दवाखान्यांच्या नोंदींवर उभारू पाहणाऱ्याने ही १८९३-९४ ची चौकशी वाचलेली असावी.

विंचूरच्या नावाचा एक धागा ह्या इतिहासात पुण्यातही सापडतो. सदाशिव पेठेतील विंचूरकरांचा वाडा हे लोकमान्य टिळकांचे १९०५ पर्यंतचे बिऱ्हाड. १८९४ चा सार्वजनिक गणेशोत्सव तेथलाच. टिळक त्या वाड्यातून गायकवाड वाड्यात गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९०८ मध्ये, पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहून गिऱ्हाइकांची मनधरणी करू लागले, आणि सरकारने त्यांच्यावर खटले भरले. ह्या चळवळीचे राजकीय अंग सुपरिचित आहे. महसुलाच्या दृष्टीने पाहता दुकान हे लिलावाचे एकक होते. स्वयंसेवकांनी दुकानाचा दरवाजा हे निरीक्षणाचे स्थळ केले. कोण आत जातो, केव्हा जातो आणि कोणाच्या शब्दाने परततो हे सरकारी तक्त्यांत न मावणारे ज्ञान होते. ते कोणी लिहून ठेवण्याआधीच चळवळ आटोपली.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर अबकारी हे खाते मंत्र्यांच्या हाती आले आणि मुंबई सरकारने एक धाडसी प्रयोग केला. १९२०-२१ चा देशी दारूचा खप आधारभूत धरून प्रत्येक दुकानाचा पुरवठा ठराविक करण्यात आला आणि तो दरसाल मुंबई शहरात १० टक्के व इतरत्र ५ टक्के कमी करावयाचे ठरले. आकड्यांच्या आधारे आखलेली व्यसननिवारणाची ही महाराष्ट्रातील बहुधा पहिली मोठी योजना म्हणता येईल. १९२२ मध्ये नेमलेल्या अबकारी समितीने १९२४ मध्ये संपूर्ण मद्यनिषेध हे अंतिम ध्येय मानून पुढील पावले सुचविली. कागदावर योजना निर्दोष होती. वीस वर्षे दरसाल आधारभूत खपाच्या विसाव्या हिश्श्याइतका पुरवठा कापला तर अखेरीस शून्य उरते, हे शाळेतील मुलासही समजावे.

परंतु येथेही मोजणी दुकानाची होती. परवान्याच्या दारूचा आकडा ठरल्याप्रमाणे खाली येऊ लागला तसतसे मोह व गूळ ह्यांपासून चोरून केलेले गाळप वाढत असल्याच्या तक्रारी अबकारी खात्याच्याच अहवालांत उमटू लागल्या. महसूल घटला, खटले वाढले, आणि काही वर्षांतच पुरवठाकपातीचा वेग सरकारला आवरता घ्यावा लागला. ह्या योजनेवर हसणे सोपे आहे. तिचा दोष मात्र उद्दिष्टात नव्हता आणि आकडे वापरण्यातही नव्हता. जो आकडा खाली आणावयाचा तोच यशाचा पुरावा म्हणूनही मोजला गेला, ह्यात होता. गॅलन कमी झाले की पिणे कमी झाले, हे गृहीत धरले गेले. एखाद्या तालुक्यात त्याच काळात किती घरांत दाणे अधिक आले, सावकाराचे व्याज किती घटले, किती बायकांच्या अंगावरची दागिन्यांची मोड थांबली, ह्याची गणना कोणी केली असती, तर योजना फसली की अंशतः साधली हे निदान सांगता आले असते.

पुढील मद्यनिषेधाचा इतिहास तुलनेने सर्वज्ञात आहे. बाळासाहेब खेर ह्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर ह्यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आली. १९४९ चा दारूबंदी अधिनियम आणि १९५० मधील संपूर्ण बंदी स्वातंत्र्यानंतरची. ह्या पर्वाने 'हातभट्टी' हा शब्द घरोघरी पोहोचविला. तोवर भट्टी सरकारी वा मक्तेदाराची असे. आता ती हाताची झाली. बंदीच्या काळात यशापयशाचे माप गॅलनऐवजी धाडी व शिक्षा हे झाले, आणि हे माप तर अधिकच दुटप्पी. धाडी वाढल्या म्हणजे दारू वाढली की पोलीस जागे झाले, हे आकडा स्वतः सांगत नाही. न्यायमूर्ती टेकचंद ह्यांच्या अध्यक्षतेखालील मद्यनिषेध अभ्यासगटाने १९६४ मध्ये दिलेल्या अहवालालाही अवैध गाळपाचा प्रश्न टाळता आला नाही. अवैध दारू सरकारी आकड्यांत दोनच वेळा दिसते : धाडीत सापडली म्हणजे आणि तिने माणसे मेली म्हणजे. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली तेव्हा ती अशी दिसली.

१९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्राने बंदी टप्प्याटप्प्याने सैल केली, तरी कायदा तोच राहिला. ह्यामुळे एक विलक्षण भाषिक परिस्थिती उद्भवली आहे. दारूचे दुकान, परमिट रूम, आणि विंचूरच्या वसाहतीतील वायनरी ह्या सर्वांना परवाना मिळतो तो दारूबंदी अधिनियमाखाली. बंदी हे नाव आणि परवाना हे काम! राज्याचे ह्या खात्याचे वार्षिक उत्पन्न आता २०,००० कोटी रुपयांच्या पुढे गेले आहे.

घराच्या बाजूने मोजण्याची पहिली ठळक घटना महाराष्ट्रात घडली ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' ह्या संस्थेने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात गडचिरोली जिल्ह्यात गावकऱ्यांच्या सहभागाने दारूची पाहणी केली. किती पुरुष पितात, त्यांतील किती पुरते आहारी गेले आहेत, वर्षाकाठी किती पैसा जातो, असे प्रश्न गावोगाव विचारले गेले. जिल्ह्याच्या वार्षिक विकासयोजनेवर शासन जेवढा खर्च करते त्याहून अधिक रक्कम लोक दारूवर घालवितात, हा निष्कर्ष पुढे आला. त्याचे सामर्थ्य त्याच्या तुलनेत आहे. नुसता कोटींचा आकडा गावकऱ्याच्या कल्पनेत मावत नाही. विहीर, शाळा व रस्ता ह्यांवर येणाऱ्या रकमेशेजारी तो ठेवला की मावतो. शिवाय आकडा ज्यांचा त्यांनीच गोळा केलेला असल्याने तो नाकारण्याची सोय उरली नाही. स्त्रियांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९९३ मध्ये तेथे जिल्हाबंदी लागू झाली, आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' ह्या उपक्रमात तंबाखूचाही समावेश झाला. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली, त्या वेळी शासनाने पुढे केलेले आकडे प्रामुख्याने अवैध विक्रीचे, गुन्ह्यांचे व बुडालेल्या महसुलाचे होते. दोन शेजारी जिल्हे, दोन मोजण्या. निर्णयांत फरक का पडला ह्याची इतरही कारणे आहेत. परंतु कोणाचा आकडा सभागृहात वाचला गेला ह्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

गावाच्या हाती थेट आलेले एक साधन म्हणजे २००८ चा आदेश. गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास सह्यांच्या पडताळणीनंतर गुप्त मतदान घ्यावयाचे. मतपत्रिकेवर 'उभी बाटली' व 'आडवी बाटली' ही चिन्हे. आडव्या बाटलीस पुरेशी मते पडली तर दुकान बंद. निरक्षर स्त्रीलाही क्षणात उमगणारी ही चिन्हे ज्याने योजिली त्याचे कौतुक केले पाहिजे. परंतु मेख छेदात आहे. आदेशानुसार मतदान करणाऱ्यांच्या निम्म्याहून अधिक नव्हे, तर यादीवरील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडावी लागली. सासरी गेलेली, कामासाठी परगावी असलेली, मरण पावलेली पण यादीतून न वगळलेली प्रत्येक स्त्री अशा मोजणीत उभ्या बाटलीच्या पारड्यात बसते. निफाड तालुक्यापुरते पाहता ह्यात आणखी एक गोष्ट मिसळते. द्राक्षबागांतील कामासाठी पेठ, सुरगाणा ह्या भागांतून आदिवासी कुटुंबे येथे येतात. त्यांच्या मजुरीचा काही भाग येथल्या दुकानात जातो. त्यांच्या स्त्रियांची नावे मात्र येथल्या यादीत नसतात. ज्यांचे नुकसान होते त्या मोजल्या जात नाहीत, आणि ज्या हजर नाहीत त्या मोजल्या जातात.

मोजमापाचा आणखी एक प्रकार विंचूरसारख्या रस्त्यावरच्या गावास अनुभवास आला. नाशिकहून येवल्याकडे जाणारा महामार्ग येथून जातो आणि लासलगावची वाट येथेच फुटते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला. मार्च २०१७ च्या अखेरीस २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या वस्त्यांपुरते ते अंतर २२० मीटर करण्यात आले. आदेशाचा हेतू रस्त्यावरील अपघात टाळण्याचा होता व तो रास्तच होता. पण मीटरचे हे माप गाडीवानासाठी योजलेले आहे. गावात पायी फिरणाऱ्या मजुरास २२० मीटर म्हणजे दोन विडींचे अंतर.

२०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दालनांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जाहीर केला तेव्हा जो वाद उसळला तो बराचसा शब्दार्थाचा होता. वाईन म्हणजे दारू नव्हे, ती शेतकऱ्याच्या द्राक्षांचे मोल वाढविणारे उत्पादन होय, असे एका पक्षाने म्हटले; दुसऱ्याने नावाने मादकता जात नाही असे उत्तर दिले. विंचूरच्या दृष्टीने दोन्ही बाजूंत तथ्य आहे. द्राक्षाचा भाव पडला की वायनरीकडे जाणारा माल बागाइतदारास आधार देतो, हे खरे. आणि ज्या मजुराने ती बाग छाटली त्याच्या हाती पडणारी बाटली वाईनची नसते, हेही खरे. ह्या दुसऱ्या बाटलीची चर्चा त्या वादात अभावानेच झाली.

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला ह्यावर उत्तर किती अवलंबून असते, ह्याचे प्रमाण राष्ट्रीय पाहण्यांतही आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या पाहणीत, जी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केली, १० ते ७५ वर्षे वयाच्या पुरुषांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण २७.३ टक्के निघाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांसाठी तेच प्रमाण सुमारे १९ टक्के आहे. पहिल्या पाहणीत लहान मुलेही धरलेली असल्याने तिचा आकडा खरे तर खाली यावयास हवा. तो वर गेला. पहिलीत व्यक्तीव्यक्तीस गेल्या बारा महिन्यांविषयी विचारले होते. दुसरीतील हा आकडा मुख्यतः घरातील एकाने सर्वांविषयी दिलेल्या माहितीवर उभा आहे. घराच्या बाजूने मोजले म्हणजे काम संपले असे नव्हे. घरातील कोणास आणि कसे विचारले हेही पाहावे लागते.

मराठीत ही अडचण अधिकच सूक्ष्म आहे. 'तो पितो' ह्या वाक्याला कर्म नाही, आणि कर्म नसल्यामुळेच त्याचा अर्थ 'तो दारुडा आहे' असा होतो. 'दारू पिता का?' ह्या प्रश्नास म्हणूनच 'नाही' हे उत्तर येते, आणि ते देणारा स्वतःच्या समजुतीप्रमाणे खोटे बोलत नसतो. 'कधीमधी घेता का?' असे विचारले की तोच माणूस लग्न, जत्रा, पोळा ह्यांची नावे घेऊ लागतो. 'बसणे' हे क्रियापद तरुणांत ह्याच अर्थाने रूढ आहे, आणि त्यात पिण्याचा निर्देशही नाही. आहे तो सोबतीचा. तंबाखूच्या बाबतीत क्रियापदांची विभागणी लिंगभेदानुसार झालेली दिसते. पुरुष तंबाखू 'मळतो' वा 'खातो'. स्त्री मिश्री 'लावते'. 'तंबाखू खाता का?' ह्या प्रश्नाला दिवसातून चार वेळा मिश्री लावणारी बाई मनापासून 'छे' म्हणते, कारण मिश्री ही तिच्या लेखी दात घासण्याची वस्तू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील सुमारे ११ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. प्रश्नातील क्रियापद चुकले तर ह्यांतील मोठा वर्ग नजरेआड राहील. २०१२ च्या बंदीनंतर गुटख्याचीही तीच अवस्था आहे. जी वस्तू कायद्याने बाजारात नाही तिच्याविषयी तिच्या नावाने विचारले तर शाळकरी मुलगा काय उत्तर देणार?

परदेशांत ह्या दिशेने झालेल्या कामांपैकी आइसलँडचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथे १५-१६ वर्षांच्या मुलांची शाळेतच निनावी पाहणी नियमाने घेतली जाते. संध्याकाळी कोठे असता, आईबाप बरोबर किती असतात, खेळता काय, हे प्रश्न दारू-तंबाखूच्या प्रश्नांइतक्याच बारकाईने विचारले जातात, आणि निष्कर्ष काही आठवड्यांतच त्या त्या नगराच्या व शाळेच्या हाती पडतात. गेल्या महिन्यात झिंगलो होतो असे सांगणाऱ्या मुलांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते. २०१६ मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. तो छोटा आणि सुबत्तेचा देश. त्याची क्रीडांगणे व क्लब निफाड तालुक्यात उचलून आणता येत नाहीत. घेण्यासारखी आहे ती एकच गोष्ट : आकडा ज्या गावातून गेला त्या गावाकडे तो वेळेत परत आला. आपल्याकडील पाहण्यांचे अहवाल तीन वर्षांनी राजधानीत प्रसिद्ध होतात आणि जिल्ह्याच्या सरासरीखाली उतरत नाहीत.

विंचूरसारख्या गावी अशी मोजणी व्हावयाची तर तिचे वेळापत्रक कॅलेंडरावरून नव्हे, छाटणीवरून ठरवावे लागेल. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, त्यानंतरची विरळणी व डिपिंग, आणि उन्हाळ कांद्याची काढणी ह्या काळांत मजुरांच्या टोळ्यांच्या हाती रोकड असते. मधल्या महिन्यांत उचलीवर दिवस निघतात. एकाच महिन्यात केलेली पाहणी ह्यांपैकी एकच गाव पाहील. ज्या दिवशी हप्ता होतो त्या दिवसाची नोंद व इतर दिवसांची नोंद वेगळी ठेवावी लागेल. टोळीतील कुटुंबांना गावच्या घरयादीत स्थान द्यावे लागेल, मग मतदारयादीत त्यांचे नाव असो वा नसो. आशा सेविका ज्या घरांत एरवीही जातात तेथे घरातील स्त्रीला पुरुषांच्या अनुपस्थितीत विचारता येईल. तिच्याकडून उत्तर मिळते ते सहसा लिटरमध्ये वा टक्क्यांत नसते. किराणा उधारीवर कितव्या दिवशी आला, मुलाच्या वहीचे पैसे कशातून काढले, अशा रूपात ते मिळते. हे उत्तर त्याच रूपात उतरून घेण्याइतका रुंद रकाना नोंदवहीत आखावा लागेल, आणि पहिल्या फेरीत 'कारण' ह्या शीर्षकाचा रकाना ठेवूच नये. बेरीज झाल्यावर ती ग्रामसभेत वाचावयाची, आणि वाचताना तिच्या शेजारी त्याच वर्षीच्या ग्रामपंचायतीच्या खर्चाचा आकडा ठेवावयाचा.